तिसऱ्या पानावरचा बाण

२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

काम आहे. तू छोट्या दुकानदारांना, कारखानदारांना त्यांचं म्हणणं नीट लिहून देतोस, पडद्यावर दाखवायची पानं करून देतोस, असं सूनबाई परवा सांगत होती. मी आजवर समजत होते की तू पाट्या रंगवतोस. असो. आता मलाच तुझी गरज पडली आहे.

नेत्र रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची माझी खोली तू लहानपणी एकदा पाहिली आहेस. ट्रेमधले डोळे तुझ्याकडे बघतायत म्हणून किंचाळत जिना उतरला होतास. खोली रुग्णालयाची, काम माझं, असं गेली चाळीस वर्षं चाललं आहे. ज्याचा एक डोळा गेला, त्याच्या उरलेल्या डोळ्यासमोर बसून त्याचा जोडीदार मी हाताने रंगवते. आता रुग्णालयाची समिती म्हणते, तयार डोळे खोक्यातून मिळतात. पन्नास छटा, तीन मापं. पेशंटने यावं, निवडावा, जावं. माझी खोली त्यांना तपासणीच्या यंत्रासाठी हवी आहे. १२ मार्चला निर्णय. खोकेवाल्यांना बारा मिनिटं, मला बारा मिनिटं.

खोली गेली तर मी घरी बसून भाजी निवडेन, माझं काही अडणार नाही. पण एप्रिलमध्ये जो माणूस येईल, त्याच्या हातात कुणीतरी खोक्यातला डोळा ठेवेल, आणि तो आरशात बघून म्हणेल, चला, एवढंच मिळतं तर एवढंच. त्याला हे कुणीच सांगणार नाही की एवढंच मिळतं असं नाही. मला झोप लागत नाही ती या माणसापायी.

चार पानी मजकूर लिहिला आहे, सोबत जोडते. तू फक्त शुद्ध कर आणि छान अक्षरात छाप.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न.

मजकूर वाचला. दोनदा. दुसऱ्यांदा उभं राहून, कारण पहिल्यांदा डुलकी लागली.

‘आमच्या विभागामार्फत पारंपरिक व अत्याधुनिक अशा उभय पद्धतींचा समन्वय साधून रुग्णांना सर्वोच्च दर्जाची सेवा प्रदान करण्यात येते.’ आत्या, हे कोण बोलतंय? तू तर भाजीवाल्याला तीन शब्दांत गप्प करतेस. आणि विभाग म्हणजे तू आणि तुझं स्टूल ना?

रागावू नकोस. माझ्याकडे बेकरीवाले येतात, कुलूपवाले येतात, पंप दुरुस्त करणारे येतात. सगळे पहिल्यांदा असंच लिहून आणतात. दुकानात झकास बोलणारा माणूस कागदासमोर बसला की उसना कोट चढवतो. मी त्यांना एकच सांगतो, सकाळी दार उघडल्यावर पहिला माणूस आत येतो, तिथून सुरू करा. तेच तुला सांगतो. मला समिती समजू नकोस, ढब्बू समज. पहिला माणूस आत येतो. पुढे?

आणि एक फोटो लागेल. तू केलेला डोळा, जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर बसलेला.

जाता जाता, समितीत कुणी प्रश्न विचारला तर ते तुझं महाराणीसारखं अख्खी मान वळवून बघणं नको. लहानपणी तू तशी वळलीस की आमची पाचावर धारण बसायची.

तुझा
ढब्बू


१७ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून राग आला. मग चहा केला, मग गेला. (चहा ओतताना मी कपाच्या आत कडेला बोट धरते ते सूनबाईला आवडत नाही, ठाऊक आहे मला. तिला सांग, बोट धुतलेलं असतं.) विभाग म्हणजे मी आणि स्टूल, हे खरंच आहे.

तर पहिला माणूस आत येतो. तो माझ्याकडे बघत नाही. दाराकडे, जमिनीकडे, ट्रेकडे बघतो. मी त्याला खिडकीत बसवते. खिडकी उत्तरेची आहे. सकाळी दहा ते बारा तिथला उजेड भर घालत नाही आणि काही लपवतही नाही. त्या दोन तासांसाठीच ती खोली मला हवी आहे, बाकी तिथे पंखासुद्धा धड नाही.

पहिला अर्धा तास मी नुसती बघते. डोळ्यातलं पांढरं पांढरं नसतं. आतल्या कोपऱ्यात ते पिवळं असतं, खाली निळसर असतं, उन्हात काम करणाऱ्याचं जुन्या कागदासारखं असतं. काळे डोळे असं लोक म्हणतात, पण मी चाळीस वर्षांत काळा डोळा पाहिला नाही. ओल्या मातीचे पाहिले, गुळाचे पाहिले, शेंगदाण्याच्या सालीचे पाहिले, आणि प्रत्येकाला कडेने एक धुरकट कडं. शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उकलते, पुन्हा उकलते, शेवटी श्वास लागला तर उडून जाईल असा एक तंतू उरतो, तो चिमट्याने मांडते. दिसतात तितक्या सगळ्या शिरा मांडल्या तर डोळा केलेला वाटतो. निम्म्या गाळाव्या लागतात. कुठल्या गाळायच्या, हे कळायला मला अकरा वर्षं लागली.

बाहुली सगळ्यात शेवटी. खरी बाहुली दिवसभर लहानमोठी होत असते, केलेली मात्र एकदा ठरली की ठरली. मग माप कुठलं धरायचं? खोकेवाले मधलं धरतात. मी पेशंटला सांगते, पुढच्या खेपेला आवडतं माणूस घेऊन ये. त्याला समोर बसवते, दोघांना बोलू देते. आवडत्या माणसाकडे बघताना बाहुली जराशी मोठी होते. तेवढ्यात मी माझी वाढत्या मापाच्या ठिपक्यांची पट्टी डोळ्याजवळ धरून माप घेते. तो डोळा पुढे टिकेल तोवर जगाकडे त्याच नजरेने बघतो. एका सुताराने आवडतं माणूस म्हणून कुत्रा आणला होता. रुग्णालयात कुत्र्याला बंदी, म्हणून सिस्टरने टोपलीत झाकून वर आणला. साडेचार मिलिमीटर भरली बाहुली! बायकोसमोर साडेतीनच होती.

फोटो पाठवते. डोळ्यांची नुसती पट्टी आहे, भुवयांपासून गालापर्यंत. परवानगी तेवढीच मिळाली. कोणाचे ते विचारू नकोस. दोघांतला केलेला कुठला, तेही सांगणार नाही. बघणं हा तुझाही धंदा आहे ना? बघ.

तुझी आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न.

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचलं. बेकरीवाला आपल्या कामासाठी येऊन बसला होता. सुताराच्या कुत्र्यापर्यंत आलो तेव्हा तो ओठांपाशी धरलेला कप तसाच धरून बसला होता. मग म्हणाला, ‘एवढं बघून कुणी काही करतं, हे मला माहीतच नव्हतं.’ स्वतःच्या पावाची जाहिरात तशीच विसरून उठून गेला.

मी पंधरा वर्षं लोकांना सांगतोय की गाळा, गाळा, निम्मं गाळा. का गाळायचं ते मला आता कळलं. केलेलं दिसू नये म्हणून.

सात पानं झाली. प्रत्येकावर एकच गोष्ट. पहिल्यावर तुझी खिडकी आणि रिकामं स्टूल. दुसऱ्यावर लाल रेशमाचा एक तंतू, बाकी कागद कोरा. छापखानेवाला दोनदा विचारून गेला, साहेब, इथे मजकूर राहिलाय का. चौथ्यावर टोपलीतला कुत्रा (आमच्या चित्रकाराने कान फार मोठे काढलेत, पण हसू येतं). सगळी पानं सोबत आहेत.

आता तिसरं. डोळ्यांची पट्टी, पानभर मोठी, आणि केलेल्या डोळ्याकडे एक बारीक बाण. हा बाण लावायला मला तीन दिवस लागले. भिंग घेऊन बसलो. पट्टीत एक डोळा खिडकीच्या बाजूला आहे, दुसरा सावलीत. केलेला आहे तो सावलीतला. शंकाच नाही. किंचित थिजलेला आहे तो, कडंही जरा जास्तच रेखीव. खिडकीकडचा बघ, त्याला ओल आहे, तो बोलतो. तुझ्या कामाला नावं ठेवत नाही, तीन दिवस लागले यातच काय ते आलं. चुकलं असेल तर कळव, बाण हलवायला मिनिट लागत नाही.

हिने पट्टी पाहिली आणि म्हणाली, ‘ही बाई आत्या रागावल्यावर बघतात तशी का बघतेय?’ मी म्हटलं, तुला सगळीकडे आत्याच दिसतात.

तुझा
ढब्बू


२ मार्च

चि. ढब्बूस,
अ. आ.

पानं मिळाली. टेबलावर ओळीने मांडली आणि त्यांच्याभोवती फिरत राहिले. माझी चाळीस वर्षं तू सात कागदांवर ठेवलीस आणि तरी जागा उरली. एवढी कोरी जागा सोडायला छातीच लागते. दुसरं पान बघताना श्वासाने तंतू उडू नये म्हणून सिस्टरने तोंड वळवलं. छापलेला तंतू आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही.

कुत्र्याचे कान कमी कर.

तिसऱ्या पानाला हात लावू नकोस. आहे तसंच राहू दे.

तुझी आत्या


७ मार्च

ती. आत्या,
सा. न.

कान कमी केले.

बाणाबद्दल तू बरोबर म्हणाली नाहीस आणि चूकही म्हणाली नाहीस. मला ते बोचतंय. पण तुझी आज्ञा, म्हणून राहू दिलं.

खोकेवाल्यांचं सादरीकरण मी दुसरीकडे एकदा पाहिलं आहे. बेचाळीस पानं, मागे संगीत, शेवटी सूर्योदय. ते आठवून काल माझा धीर सुटला आणि तुझ्यात आणखी चार पानं घातली. आज सकाळी काढून टाकली. सातच बरी. पान वाचून दाखवू नकोस, पानाकडे पाठ कर आणि माणसांशी बोल. घसा कोरडा पडला तर सरळ पाणी मागून घे.

एकच वाटतं. तू केलेला डोळा लावलेलं एखादं माणूस समोर उभं करता आलं असतं तर माझ्या सातही पानांची गरज नव्हती. पण कुणाला असं उभं करणं तुला पटणार नाही, हेही समजतं.

तुझा
ढब्बू


१४ मार्च

चि. ढब्बूस,
अ. आ.

आधी निकाल, नाहीतर तू मधलं सोडून शेवटाकडे पळशील. खोली राहिली. खोक्यातले डोळे तात्पुरते म्हणून वापरतील, जखम भरेपर्यंत. त्यानंतर सगळे माझ्या खिडकीत. आणि दोघींना मी हे काम शिकवायचं, अशी त्यांचीच अट.

आता मधलं.

सूर्योदय झाला. संगीतही झालं. त्यांचा मुलगा चांगला बोलला, खोटं काही बोलला नाही. मग मी. समितीत पाच जण. मध्ये व्यवस्थापक, एका टोकाला सामानाची खरेदी बघणाऱ्या भांडारबाई, दुसऱ्या टोकाला आमचे मोठे डॉक्टर. पहिली दोन पानं तू सांगितलंस तशी, पानाकडे पाठ करून. भांडारबाई हातातला हिशेब विसरून तो तंतू बघत होत्या.

तिसरं पान आलं. मी विचारलं, ‘बाण बरोबर आहे ना?’ व्यवस्थापक म्हणाले, ‘असणारच. तुम्हीच लावलाय.’ भांडारबाई म्हणाल्या, ‘बाई, काम उत्तम आहे, पण कळतं हो. सावलीतला जरा निर्जीवच दिसतो.’

मी म्हटलं, ‘हा बाण माझ्या भाच्याने लावला आहे. बघणं हा त्याचा धंदा आहे. तो तीन दिवस भिंग घेऊन बसला होता. आणि त्याचा बाण चुकला आहे. केलेला डोळा खिडकीकडचा आहे.’

व्यवस्थापक उठून पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. त्यांची सावली त्या डोळ्यांवर पडली तेव्हा बाजूला झाले, पुन्हा गेले. मग म्हणाले, ‘कोणाचे आहेत हे?’

सभागृहाची खिडकीही उत्तरेचीच आहे, सकाळचे अकरा वाजत होते. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि चष्मा काढला.

ढब्बू, माझे आहेत. डावा डोळा माझा नाही. एकोणिसाव्या वर्षी तारेच्या कारखान्यात कामाला होते तेव्हा तारेचं टोक लागून गेला. तेव्हा माझं लग्न ठरत होतं, म्हणून घरात ठरलं की बाहेर बोलायचं नाही. लग्न मोडलं ते मोडलंच, न बोलणं मात्र चालू राहिलं. तुझ्या बाबांनी शेवटपर्यंत शब्द पाळला. तुला सांगायचं राहिलं असं नाही, सांगावं लागलं नाही. तुला कधी दिसलंच नाही. आमच्या कामाचं हेच आहे बघ. चांगलं झालं की दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून लोक विचारतात, याची गरज काय. तिसरं पान हलवू नको म्हटलं ते त्यासाठी. तुझी चूकच मला हवी होती. मी नुसतं खरं सांगून ते कुणाला कधी पटलं नसतं.

मोठे डॉक्टर तेवढे खाली बघून हसत होते. ते डोळ्यांचेच डॉक्टर, त्यांना माहीत होतं. बावीस वर्षं माझ्याबरोबर चहा पितात, कधी अवाक्षर काढलं नाही.

भांडारबाई उठून जवळ आल्या. ‘बघू?’ म्हणाल्या. मी हो म्हटलं. खूप वेळ बघत राहिल्या. आधी या डोळ्यात, मग त्या. मग माझा हात धरला, आणि विचारलं ते भलतंच. ‘बाई, तुम्ही चहा ओतताना बोट का लावता, ते यामुळे का?’ एका डोळ्याला कप किती भरला ते नीट कळत नाही ना. मला इतकं हसू आलं!

तुझी चार पानं दाखवायची राहिली. कुत्रा कुणी पाहिलाच नाही. माफ कर.

तुझी आत्या


२० मार्च

ती. आत्या,
सा. न.

चार वेळा लिहायला बसलो.

भिंतीकडची खुर्ची नेहमी तुझी. डाव्या हाताला भिंत, म्हणजे त्या बाजूने कुणी येणार नाही. आम्ही त्या खुर्चीसाठी भांडायचो, आम्हाला वाटायचं तिच्यात काहीतरी खास आहे. आणि ती वळणारी मान! मी त्याला महाराणीपणा म्हणालो, तेही पत्रात, लेखी. छत्तीस वर्षं त्या डोळ्यांसमोर जेवलो, त्या डोळ्यांचा मार खाल्ला, परीक्षेच्या दिवशी त्याच डोळ्यांकडे बघून घराबाहेर पडलो. तीन दिवस भिंगाखाली धरले आणि ओळखले नाहीत. हिने एका नजरेत ओळखले. आता आठवडाभर ती माझ्याशी वकिलासारखी बोलतेय.

आणि तुझ्या खऱ्या डोळ्याला मी थिजलेला म्हणालो. त्याची माफी कशी मागतात?

मला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच नाही, आत्या. तिसरं पान समोर भिंतीवर लावलं आहे, बाणासकट. येणारे विचारतात हे काय, मी म्हणतो, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम, आणि ते चुकलेलं आहे. आता मला माहीत आहे कुठला डोळा केलेला. तरी बघायला लागलो की पुन्हा खिडकीकडचाच जिवंत वाटतो. रोज वाटतो.

दोन गोष्टी सांग. तो कुणी केला? आणि बाहुलीचं माप घेताना तुझ्यासमोर आवडतं माणूस म्हणून कोण बसलं होतं?

तुझा
ढब्बू


२७ मार्च

चि. ढब्बूस,
अ. आ.

खऱ्या डोळ्याने माफ केलं आहे.

पहिला माझ्या गुरुजींनी केला. तो बसवताना त्यांचे हात बघितले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच शिकायला राहिले. सहा वर्षांनी तो झिजला, तेव्हा गुरुजी थकले होते. म्हणाले, आता तुझा तू कर. मी आरशासमोर बसले. एक डोळा, तोच बघणारा आणि बघायचाही तोच. पांढरं जमलं, शिरा जमल्या, बुबुळ जमलं. बाहुलीपाशी अडले. गुरुजीही मधलंच माप धरायचे, पण आरशात मला ते परकं वाटायचं. चौदा दिवस तो डोळा बाहुलीवाचून टेबलावर पडून होता.

पंधराव्या दिवशी तुझ्या आईचा निरोप आला म्हणून प्रसूतिगृहात गेले. तिने कापडात गुंडाळलेलं एक लालभडक, चिडलेलं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘घ्या, ढब्बू आहे नुसता.’ मी तुला खिडकीपाशी नेलं. शेजारी हात धुवायच्या भांड्यावर एक छोटा आरसा होता. सहज वर बघितलं, आणि माझाच डोळा मला ओळखू आला नाही.

एका हातात तू, दुसऱ्या हाताने पर्स उघडून ठिपक्यांची पट्टी काढली आणि आरशात बघून माझ्याच बाहुलीचं माप घेतलं. साडेचार. सुताराच्या कुत्र्याच्या आधी तूच.

आवडतं माणूस घेऊन या, असं मी पेशंटना सांगायला लागले ते त्यानंतर. माझे स्वतःचे पुढे पाच डोळे झाले. माप तेच आहे.

तुझी आत्या